कार्डावरचं नाव

साखळीकाकांना कुठलंही अंतर विचारा, ते मैलात सांगायचे नाहीत. किलोमीटरमध्ये तर नाहीच नाही. देवळाच्या पार्किंगपासून दारापर्यंत किती? "सहा साखळ्या, चार आणे." तळ्याला एक फेरी? "एकाहत्तर साखळ्या. पण सध्या चिखल आहे, वळसा पडतो, बहात्तर धर." आणि हे थट्टेने नाही हं! चेहरा अगदी कोर्टात साक्ष देणाऱ्या माणसाचा. तेरा पावलं म्हणजे त्यांची एक साखळी. चालताना मधेच तुम्ही काही विचारलंत तर तळहात वर करून तुम्हाला गप्प करायचे, आणि पावलं पुरी झाली की वळून म्हणायचे, "हं, काय म्हणत होतास?" अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये माणूस समोरच्या दुकानातून दूध आणायलाही गाडी काढतो. तिथे टोपी घालून, ओठ हलवत, पावलं मोजत जाणारा हा ऐंशीच्या घरातला गृहस्थ सगळ्यांनाच ठाऊक होता.

तसे ते जाधवकाका. पन्नास वर्षांपूर्वी शिकायला आले, काउंटीच्या रस्ते खात्यात सर्व्हेअर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. 'साखळीकाका' हे नाव इथल्या मराठी मंडळातल्या पोरांनी ठेवलं. मला वाटायचं, त्यांना राग येत असेल. एकदा धीर करून विचारलं, तर हसले. "अरे, राग कसला? गावात आमच्या घराला साखळीवाल्याचं घरच म्हणतात. नाव चालत चालत इथवर आलं, एवढंच."

कारण त्यांचे पणजोबा खरोखरच साखळी ओढायचे. इंग्रज सरकारने गावोगावच्या जमिनी मोजायला काढल्या, तेव्हा मोजणीच्या तंबूबरोबर फिरणाऱ्यांतले ते एक. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, तिचे सोळा आणे. साहेब छत्रीखाली टेबलाशी, कारकून शेजारी टिपण लिहीत बसलेला, आणि दोन माणसं साखळीची दोन टोकं धरून बाभळीतून, ओढ्यातून, नांगरटीतून अनवाणी. "तुम्ही पुण्याची माणसं गुंठा गुंठा करता ना," काका म्हणायचे, "तेहतीस बाय तेहतीस म्हणजे एक गुंठा. तो आमच्या पणजोबाच्या साखळीतून निघालाय. बंगला बांधताना जरा आठवण ठेवा." मोजणी झाली की सारा वाढणार, या भीतीने गावकरी साखळीवाल्याला पाणी विचारायचे नाहीत, आणि साखळीला जरा झोळ पडला की साहेब शिव्या घालायचा. "दोन्हीकडून बोलणी खायची, आणि नकाशावर नाव साहेबाचं," असं म्हणून काका चहाचा घोट घ्यायचे. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून वीस वेळा तरी ऐकलं असेल. ऐकायचो, मान डोलवायचो आणि दुसरी खारी उचलायचो.

मोजणी त्यांच्या हाडांत होती. आमच्या मागच्या अंगणात कुंपण घालून झालं तेव्हा मी मोठ्या हौसेने त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी कुंपणाकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यात गुडघे टेकून बसले आणि खुरप्याने गवत उकरू लागले. अर्ध्या तासाने वीतभर खाली लोखंडी खुंटी लागली, जमिनीच्या हद्दीची. मग टेप लावला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "सुहास, तुझं कुंपण शेजाऱ्याच्या जमिनीत आठ इंच गेलंय." मी म्हटलं, "जाऊ द्या हो काका, आठ इंचांनी काय होतंय? त्याला पत्तासुद्धा नाही." काका पँटची माती झटकत उठले. "पत्ता नाही म्हणूनच सांग. तो काही म्हणायचा नाही. पण सांग." मी अजून सांगितलेलं नाही. माणूस कसा होता हे कळावं म्हणून ही गोष्ट सांगितली. आता दोघांपैकी कोणता माणूस, ते तुम्हीच बघा.

त्यांना मोडी येते हे मला कळलं तेही योगायोगाने. दिवाळीचा फराळ द्यायला गेलो होतो. काकू जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, मुलगा निखिल जॉर्जियात, अल्फारेटाला. काकांनी दार उघडलं आणि म्हणाले, "ये, पण टेबलाला हात लावू नकोस." टेबलभर झेरॉक्सचे कागद. वर एक लांबलचक रेघ, आणि तिला लोंबणारी, एकमेकांत गुंतलेली ती अक्षरं. "मोडी? तुम्हाला येते?" तर म्हणे, रिटायर झाल्यावर शिकलो. कोणाकडे? कोणाकडेच नाही. गावाहून बाराखडीचं एक पुस्तक मागवलं आणि या टेबलाशी बसून एकट्याने गिरवली. भाच्याने तालुक्याच्या कचेरीतून जुन्या मोजणीच्या कागदांच्या नकला काढून पाठवल्या होत्या. त्यांत कुठे पणजोबांचं नाव येतं का, हे त्यांना बघायचं होतं. "सात वर्षं शोधतोय," ते म्हणाले. "पणजोबा नाही सापडला. साहेबाच्या घोड्याचं नाव सापडलं." मी खो खो हसलो. ते हसत नाहीत हे लक्षात आल्यावर करंज्यांचा डबा पुढे केला.

"निखिलला दाखवलंत का?" मी विचारलं.

"त्याला कुठे वेळ आहे! आणि येतं म्हणून मिरवायचं कशाला? पणजोबा सापडू दे, मग दाखवीन."

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणजे काय, टाळता येत नाही म्हणून येतो. आमच्या गावातल्या लायब्ररीत जुन्या नकाशांचं प्रदर्शन भरणार होतं. इथल्या एका कुटुंबाने आपल्या कुठल्याशा पूर्वजाचे कागद लायब्ररीला दिले होते. हा पूर्वज इंग्रज अधिकारी. मुंबई इलाख्यात मोजणीवर होता. त्या कागदांत एका खेड्याचा नकाशा आणि त्याला जोडलेलं मोडीतलं एक पान. लायब्ररीतल्या डेब्रा नावाच्या बाईंनी मंडळाला ईमेल केली, की हे वाचणारं कोणी आहे का. मीटिंगमध्ये विषय निघाला आणि आमच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "कोणी म्हणजे काय? कुलकर्णी आहेत ना! कुलकर्ण्यांच्या घरात मोडी नसेल तर कोणाच्या घरात असणार?" सगळे हसले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आता, माझ्या पणजोबांनी गावाचं दप्तर लिहिलं, हे खरं आहे. मोडीतच लिहिलं. आजोबांना बऱ्यापैकी यायची. वडिलांना सहीपुरती. माझ्यापर्यंत येईतो आडनाव तेवढं उरलं. मला मोडीतलं ओ की ठो कळत नाही. हे तिथेच सांगायला काय जात होतं? "नाही बुवा, मला नाही येत, पण जाधवकाकांना येते." संपलं. जाधव हे नाव त्या खोलीत कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि मीही ते सुचवलं नाही. मी म्हटलं, "बघतो." लोकांना ते विनयाचं वाटलं. एका बाईंनी टाळीसुद्धा वाजवली.

त्या पानाचे फोटो घेऊन मी तीन शनिवार काकांकडे बसलो. त्यांची वाचायची पद्धत बघण्यासारखी होती. भिंग हातात, समोर कोरा कागद. एक अक्षर लागलं की लिहायचं, नाही लागलं की तेवढी चौकट रिकामी. मी घाई करायचो, "काका, 'ओढा' असेल हो, पुढे 'उत्तरेस' आहेच." तर म्हणायचे, "असेल नाही चालत. दिसेल तेवढंच वाचायचं. अंदाज करायला साहेब होता की!" अशा पंचवीस तरी चौकटी होत्या. तिसऱ्या शनिवारी दोन उरल्या.

त्याच शनिवारी समासातली ओळ लागली. पानाच्या कडेला, आडवी, बारीक अक्षरांत. कोण्या कारकुनाने का लिहिली देव जाणे. काका वाचू लागले, अडखळले, पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. "साखळी धरणार... धोंडी वलद येसू... राणू वलद बापू. म्हणजे येसूचा मुलगा धोंडी, बापूचा राणू." मग भिंग खाली ठेवून त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. मी म्हटलं, "काका, तुमच्या पणजोबांचं नाव काय होतं?" मान हलवली. "ते नव्हेत. हा जिल्हाच वेगळा. पण कोणाचे तरी पणजोबा सापडले रे, सुहास! कोणाचे तरी सापडले."  मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "एवढं एक कर. साहेबाचं नाव प्रदर्शनातल्या कार्डावर येईलच, ते कोणी चुकवणार नाही. या दोघांचं येऊ दे."

तेवढं मी केलं. ते केलं म्हणून मी बराच काळ स्वतःला बरा माणूस समजत होतो. डेब्राबाईंना सगळं भाषांतर पाठवलं, दोघांची नावं कार्डावर हवीतच असा हट्ट धरला. त्यांनी लगेच मान्य केलं आणि उलट विचारलं, "भाषांतर तुम्ही एकट्यानेच केलंत? आणखी कोणाचं नाव द्यायचं आहे का?" त्या ईमेलला मी ऑफिसमधून उत्तर दिलं. लिहिलं, की आमच्या घराण्यात कित्येक पिढ्या गावाचं दप्तर सांभाळायचं काम होतं. बस्स, एवढंच. यातला एक शब्द खोटा नाही. ते वाक्य मी दोनदा वाचलं, मला ते आवडलं, आणि मी 'सेंड' केलं. असं वाक्य सुचायला पिढीजात कारकुनी डोकं लागतं, आणि ते तेवढं माझ्यापर्यंत बरोबर पोचलं होतं.

प्रदर्शन उघडलं त्या रविवारी मंडळातली पंधरा-वीस माणसं आली होती. काका टाय लावून आले होते. काचेमागे नकाशा, खाली ते पान, बाजूला पोस्टकार्डाएवढं कार्ड. साहेबाचं नाव, धोंडीचं नाव, राणूचं नाव. आणि खाली, 'मोडी लिपीतून भाषांतर: सुहास कुलकर्णी.' लोक माझी पाठ थोपटत होते. मी काकांकडे बघत नव्हतो, पण मला ते दिसत होते. त्यांनी कार्ड वाचलं. वरपासून खालपर्यंत, भिंगाशिवाय, सावकाश. मग पुढे झाले आणि काचेवर, त्या दोन नावांच्या जागी, बोट टेकवून उभे राहिले.

तेवढ्यात डेब्राबाई एका म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थांना घेऊन माझ्याकडे आल्या. गृहस्थ फार चौकस. नकाशाच्या कोपऱ्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "इथे काय लिहिलंय हो?" तो शब्द पानावरचा नव्हता, नकाशावरचा होता. त्याचा फोटो मी काढलाच नव्हता. मी वाकून काचेत पाहिलं. मला काय दिसणार, कपाळ!  मंडळाची सगळी माणसं भोवती, डेब्राबाई हसऱ्या चेहऱ्याने वाट बघतायत, माझी बायको मेधा हातातल्या कॉफीच्या कपाकडे बघतेय. मी घसा खाकरला. तेव्हा मागून काकांचा आवाज आला, अगदी साधा, इंग्रजीत. "मिस्टर कुलकर्णी, परवा तुम्ही मला सांगत होतात ते हेच ना? चिंचेचं झाड? गावाची शीव चिंचेपर्यंत जाते म्हणून?"

"हो," मी म्हणालो. "चिंचेचं झाड."

"वंडरफुल!" गृहस्थ म्हणाले. डेब्राबाईंनी लिहून घेतलं.

पार्किंगमध्ये मी काकांना गाठलं. पावलं मोजत नव्हते त्या दिवशी, नुसते चालत होते. मी म्हटलं, "काका, ते कार्डावर खरं म्हणजे..." त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "अरे, केवढंसं कार्ड ते! आठ ओळी. त्यात कोणाकोणाला बसवणार?" आणि वर म्हणाले, "दोघांची नावं लागली. झकास झालं." त्यांनी मला पळवाट काढून दिली, आणि मी, निर्लज्जासारखा, "हो ना, जागाच कमी होती" असं म्हणून त्या वाटेने पळालो. गाडीत मेधा म्हणाली, "कोणाकोणाला म्हणजे? राहिलेलं नाव एकच होतं." 

पुढच्या शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात काका, हातात वही. त्यांनी स्वतःच्या अक्षरात पहिल्या पानापासून मोडीची बाराखडी काढून आणली होती, प्रत्येक अक्षर पाच पाच वेळा, खाली गिरवायला जागा सोडून. "दोन महिन्यांचं काम आहे," ते म्हणाले. "रोज अर्धा तास. मग कोणी काहीही विचारू दे तुला." बघा म्हणजे! कार्ड खोटं होतं, तर ऐंशीच्या घरातला तो माणूस मला शिकवून ते खरं करायला निघाला होता. आणि मी? त्यांच्यासमोर बसून 'क' गिरवायचा म्हणजे मला येत नाही हे मान्य करायचं. मी म्हटलं, "काका, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज चालू आहे हो. जरा मोकळा झालो की बसू या." ते "बरं बरं, काम आधी" म्हणाले आणि वही काखेत मारून परत गेले. असे ते तीनदा आले. तीनदा माझं रिलीज चालू होतं.

त्या हिवाळ्यात ते बर्फावरून पडले, खुबा मोडला, आणि निखिल त्यांना अल्फारेटाला घेऊन गेला. मी फोन करायचो. दर वेळी ठरवायचो, आज सांगायचं, सरळ माफी मागायची, डेब्राबाईंना लिहितो म्हणायचं. आणि दर वेळी हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवायचो. त्यांनी एकदाही विषय काढला नाही. इकडे प्रदर्शन संपलं, नकाशे गुंडाळून कपाटात गेले. पुढे एकदा मी लायब्ररीत गेलो, तर डेब्राबाईंची बदली झालेली आणि नव्या माणसाला मी काय सांगतोय तेच कळेना. "कार्ड? कुठलं कार्ड?" म्हणाला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली.

काका गेले ते मार्चमध्ये. मी अंत्यसंस्कार लॅपटॉपवर पाहिले. सुट्टी मिळाली असती, मी मागितली नाही.

महिन्याभराने एक खोकं आलं. निखिलने पाठवलेलं. आत त्या साऱ्या नकला, टाचण्या लावलेल्या, गावाच्या नावांप्रमाणे वेगवेगळ्या फायलींत. वर एक इंग्रजी चिठ्ठी, की कुलकर्णीकाका, हे तुमच्याकडेच असायला हवं. मी ते खोकं दोन दिवस जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मेधा त्याच्या बाजूला ताटं मांडत होती. तिसऱ्या दिवशी मी निखिलला फोन केला.

"ओह, मिळालं? ग्रेट!" तो म्हणाला. निखिल इथेच जन्मलेला, मराठी समजतं, बोलतो इंग्रजीत. म्हणाला, "डॅड नेहमी सांगायचे, ही लिपी इथे फक्त कुलकर्णीकाकांना येते. लायब्ररीत त्यांनी एवढं मोठं काम केलं. ही वॉज सो प्राउड ऑफ यू, काका. मला काय वाटतं, आमच्या फॅमिलीचं काहीतरी असणार त्यात. नाहीतर डॅडनी इतकी वर्षं सांभाळून कशाला ठेवलं असतं? माझ्या मुलीला शाळेत फॅमिली ट्री करायचंय. घाई नाही, पण तुम्ही वाचून मला सांगाल का, काय लिहिलंय?"

मी पटकन 'बघतो' म्हणणार होतो. खरंच सांगतो, शब्द जिभेवर आला होता.

"निखिल," मी म्हणालो, "मला मोडी वाचता येत नाही. कधीच येत नव्हती."

"पण लायब्ररीतलं..."

"ते तुझ्या बाबांनी वाचलं. सगळं. मी फक्त माझं नाव घातलं."

 मला वाटलं, आता चिडेल, चार शब्द सुनावेल. सुनावायलाच हवे होते.

"डॅडना हे वाचता येत होतं?" त्याने विचारलं.

"हो. घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शिकले. एकट्याने. आपल्या पणजोबांचं नाव शोधत होते त्यात."

 मग निखिल बोलला, मराठीत, एकेक शब्द जुळवत.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "मला नव्हतं."